मातीतला डाव गादीवर चालतो का?



विसरवाडीच्या आसपास हल्ली ज्याच्या घरी मोबाईल आहे त्याच्या घरात चिनी कुंग फूचे व्हिडिओ पोहोचलेले आहेत. मधल्या सुट्टीत मुलं एक पाय वर करून उभी राहतात, हात सापासारखे वळवतात आणि मग हमखास प्रश्न येतो, "सर, कुंग फूवाला खऱ्या कुस्तीत उतरला तर कोण जिंकेल?" काही पालक वेगळं विचारतात. पोराला कराटे किंवा वुशूच्या क्लासला घालू का? फी भरून काही उपयोग आहे का? दोन्ही प्रश्नांमागे एकच गोष्ट आहे. परंपरेने आलेली लढण्याची कला पंच, घड्याळ आणि नियम असलेल्या मैदानात आली की तिचं काय होतं? शारीरिक शिक्षण आणि इतिहास या दोन्ही तासांना घेता येईल असा हा विषय आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

सुरुवात चीनपासून करू, कारण मुलांचं कुतूहल तिथलं आहे.

१७ जानेवारी १९५४ रोजी मकाऊमध्ये एक गाजलेली लढत झाली. एका बाजूला ताय ची शिकवणारे वू गुंगयी, दुसऱ्या बाजूला श्वेत क्रौंच शैलीचे, वयाने बरेच तरुण चान हाक-फू. हाँगकाँगच्या मोठ्या आगीत बेघर झालेल्यांसाठी निधी गोळा करायचा होता, त्यामुळे गर्दी तुफान. दोघेही आपापल्या शैलीचे नावाजलेले गुरू. प्रत्यक्षात काय दिसलं? त्या लढतीचं चित्रण उपलब्ध आहे, ते बघितलं तर सापाची वा क्रौंचाची कोणतीही मुद्रा दिसत नाही. दोन माणसं घाईघाईने हात फिरवताहेत, एकमेकांना ठोसे लागताहेत, नाकातून रक्त येतंय, दम लागलाय. दुसऱ्या फेरीत लढत थांबवली गेली आणि कोणालाच विजयी घोषित केलं नाही.

दुसरं उदाहरण अलीकडचं आहे. एप्रिल २०१७ मध्ये चेंगदू शहरात शू श्याओदोंग या मिश्र मार्शल आर्टच्या प्रशिक्षकाने वेई लेई नावाच्या ताय ची गुरूला अर्ध्या मिनिटाच्या आत खाली पाडलं. तो व्हिडिओ जगभर फिरला. चीनमध्ये लोक खवळले ते मात्र हरलेल्या गुरूवर नाही, जिंकणाऱ्या शूवर! परंपरेचा अपमान केला म्हणून त्याची समाजमाध्यमांवरची खाती बंद झाली आणि पुढे एका दुसऱ्या ज्येष्ठ गुरूंची बदनामी केल्याबद्दल न्यायालयाने त्याला माफी मागायला लावली. माझ्या मते इथे दोन्ही बाजूंचा मुद्दा हुकला. एक शैली खोटी आहे असं एका लढतीने सिद्ध होत नाही. पण जो माणूस कधीच विरोध करणाऱ्या माणसाबरोबर सराव करत नाही तो विरोध करणारा माणूस समोर आला की गडबडतो, एवढं मात्र नक्की दिसतं.

इथे वर्गात एक फरक स्पष्ट करावा लागतो. सरावाचे दोन प्रकार असतात. एकात हालचालींचा ठरलेला क्रम पाठ करायचा. चिनी लोक त्याला ताओलू म्हणतात, जपानी काता म्हणतात. दुसऱ्यात समोर जिवंत माणूस असतो, तो तुमचा डाव चालू देणार नाही, उलट स्वतःचा लावेल. जपानमध्ये जिगोरो कानो यांनी १८८२ साली कोदोकान सुरू केलं तेव्हा जुन्या जुजुत्सूमधले हाड मोडणारे, डोळ्यांवर जाणारे प्रकार मोकळ्या सरावातून काढून टाकले आणि उरलेल्या डावांचा पूर्ण ताकदीने, रोज, एकमेकांवर सराव ठेवला. यातून ज्युदो घडला. ऐकायला उलटं वाटतं, पण धोकादायक डाव काढून टाकले म्हणूनच ज्युदोची माणसं लढतीत सरस ठरली. जो डाव मित्रावर रोज वापरता येत नाही, तो हातात बसत नाही. पुस्तकात राहतो.

आता आपल्याकडे येऊ. आपली कुस्ती या दुसऱ्या प्रकारातली आहे. तालमीत पहाटे जोर-बैठका होतात, पण त्यानंतर जोड लावून लढत होते. वस्ताद कडेला उभे असतात. एकेरी पट काढला तर समोरचा तो सोडवणार, ढाक लावायला गेलात तर तो वजन मागे टाकणार. रोज चार-पाच वेळा पाठीवर पडल्याशिवाय पैलवान तयार होत नाही. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वर तिसऱ्याच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात मल्लविद्येवर स्वतंत्र प्रकरण आहे, आणि ‘कुस्ती’ आणि ‘पहिलवान’ हे दोन्ही शब्द फारसीतून आलेत. म्हणजे जुनी मल्लविद्या आणि इराणकडची पद्धत यांच्या मिश्रणातून आजची मातीतली कुस्ती झाली. ‘शुद्ध परंपरा’ म्हणून आपण जे सांगतो ते मुळातच बदलत आलेलं आहे, हे इतिहासाच्या तासाला सांगायला चांगलं.

मग प्रश्न असा की रोज लढून तयार झालेला आपला पैलवान गादीवर, म्हणजे मॅटवर, का अडखळला?

याचं उत्तर शोधायला खाशाबा जाधवांसारखं दुसरं उदाहरण नाही. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा, जन्म १५ जानेवारी १९२६. वडील दादासाहेब स्वतः पैलवान. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला गेले तेव्हा त्यांची सगळी तयारी मातीतली होती. गादीवरच्या आंतरराष्ट्रीय नियमांची सवय नव्हती. तरीही ऑस्ट्रेलियाच्या आणि अमेरिकेच्या मल्लांना त्यांनी हरवलं आणि फ्लायवेट गटात सहावे आले. मुलांना इथे थांबवून विचारा, हे यश की अपयश? मी याला यश म्हणतो. पहिल्यांदाच गादीवर उतरलेला माणूस जगात सहावा येतो, याचा अर्थ मातीतली शिदोरी भक्कम होती. कमी होती ती गादीची ओळख.

पुढची चार वर्षं त्यांनी वरच्या वजनगटाची तयारी केली. १९५२ ला हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य बॅरिस्टर खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले. (विद्यार्थ्यासाठी घर गहाण ठेवणारा प्राचार्य. शिक्षकदिनाला आपण याच्यापेक्षा फिकट गोष्टी सांगत असतो.) हेलसिंकीत बँटमवेट गटात कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवत खाशाबा पुढे गेले. जपानच्या शोहाची इशीशी लढत पूर्ण पंधरा मिनिटं चालली आणि पंचांच्या कौलावर इशीकडे गेली. पुढे सुवर्णपदक इशीनेच घेतलं. त्या दमवणाऱ्या लढतीनंतर लगेच खाशाबांना सोव्हिएत मल्ल रशीद मम्मदबेयोव्हशी लढायला बोलावलं. दोन कुस्त्यांमध्ये अर्धा तास विश्रांती द्यावी असा नियम होता, पण तो दाखवून भांडायला भारताचा कोणी अधिकारी तिथे हजर नव्हता. थकलेले खाशाबा तशाच अवस्थेत उतरले आणि हरले. कांस्यपदक मिळालं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. कराडला शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. त्यानंतर खाशाबांनी कुस्त्यांचं मैदान भरवून खर्डेकर सरांचे पैसे परत केले.

ही गोष्ट आपण नेहमी चिकाटीची म्हणून सांगतो. ती आहेच. पण तिच्यात नियमांचा धडा जास्त मोठा आहे. मातीच्या फडात पाठ लागली नाही तर पैलवान हरत नाही, कुस्ती बरोबरीत सोडवतात. गादीवर पाठ न लागताही पंचांचा कौल विरुद्ध गेला की तुम्ही हरलात. शिवाय विश्रांतीचा नियम माहीत असणं हीसुद्धा ताकदच आहे, आणि ती दंडात नसते.

याच्या उलट बाजूचं उदाहरण गामा पैलवानाचं. सप्टेंबर १९१० मध्ये लंडनला गामा आणि पोलंडचा स्टॅनिस्लाउस झ्बिस्को यांची कुस्ती अडीच तासांच्या पुढे गेली. झ्बिस्को बहुतेक वेळ पोटावर झोपून, गादीला चिकटून राहिला. गामा वर बसून जोर लावतोय, पण पाठ काही वळेना. शेवटी बरोबरी. आठवड्याने पुन्हा कुस्ती ठरली तेव्हा झ्बिस्को आलाच नाही आणि पट्टा गामाला मिळाला. १९२८ ला पतियाळात दोघं पुन्हा भेटले तेव्हा गामाने त्याला मिनिटाच्या आत चितपट केलं. आजच्या गादीच्या नियमांत ती लंडनची कुस्ती कशी झाली असती? गामाला सुरुवातीलाच ताबा मिळवल्याचे दोन गुण मिळाले असते, झोपून राहणाऱ्याला पंचांनी उठवलं असतं, सक्रिय नाही म्हणून ताकीद दिली असती आणि सहा मिनिटांत निकाल लागला असता. तीच दोन माणसं, तीच ताकद, नियम बदलले की निकाल बदलतो.

माती आणि गादी यांत नेमकं काय वेगळं आहे ते फळ्यावर मांडून दाखवा. मातीत पाय रुततो, त्यामुळे ठाण मांडून उभं राहता येतं. अंगाला माती लावली की पकड घसरत नाही. ताक, तेल, हळद घालून मळलेली लाल माती मऊ असते, पडलेल्याला लागत नाही. कुस्ती खडाखडीने, हात मिळवून सुरू होते आणि दोघं एकमेकांचा अंदाज घेत बराच वेळ काढतात. वीस मिनिटं, कधी चाळीस. त्यात दमसास कोणाचा जास्त यावर निकाल ठरतो. गादीवर बूट असतात, पाय पटकन सरकतो, हालचाल दुपटीने वेगवान होते. वर्तुळाचा व्यास नऊ मीटर. पाय बाहेर गेला की समोरच्याला एक गुण. खाली आणून ताबा घेतला की दोन, खालून उलटून वर आलात की एक, पाठ गादीकडे वळवली की दोन, मोठी फेक मारली तर चार किंवा पाच. तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, मध्ये अर्ध्या मिनिटाची विश्रांती. दहा गुणांची आघाडी झाली की कुस्ती तिथेच संपली, पाठ टेकली असो वा नसो.

म्हणून मातीतून थेट गादीवर आलेला मुलगा पहिल्या मिनिटात काय करतो ते बघा. तो अंदाज घेत मागे सरकतो. मातीत हे शहाणपण आहे. गादीवर त्याचा पाय रेषेबाहेर जातो, एक गुण गेला. मग तो पोटावर पडून बचाव करतो, कारण वस्तादांनी शिकवलंय की पाठ वाचली म्हणजे कुस्ती वाचली. इथे तोपर्यंत आणखी दोन गुण गेलेले असतात. मुलगा कमजोर नसतो. त्याने वेगळ्या परीक्षेचा अभ्यास केलेला असतो. तालुक्याच्या शालेय स्पर्धेला आपण मुलं घेऊन जातो तेव्हा गुणपद्धत आदल्या दिवशी गाडीत बसून समजावतो, हे आपल्यापैकी अनेकांना ओळखीचं वाटेल.

महाराष्ट्राने यावर काढलेला मार्ग मला फार आवडतो. मामासाहेब मोहोळ यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या कुस्तीगीर परिषदेने १९६१ पासून महाराष्ट्र केसरी स्पर्धा सुरू केली. आज तिच्यात माती विभाग आणि गादी विभाग असे दोन वेगळे विभाग असतात आणि दोन्हीकडचे विजेते चांदीच्या गदेसाठी एकमेकांशी भिडतात. म्हणजे दरवर्षी आपल्या डोळ्यांसमोर हाच प्रयोग होतो! जानेवारी २०२० मध्ये पुण्याच्या बालेवाडीत गादीकडून नाशिकचा हर्षवर्धन सदगीर आणि मातीकडून लातूरचा शैलेश शेळके आले. निकाल ३-२, हर्षवर्धन जिंकला. गंमत म्हणजे दोघेही काका पवारांचेच शिष्य, आणि जिंकल्यावर हर्षवर्धनने शैलेशला खांद्यावर उचलून घेतलं. जानेवारी २०२३ ला गादीच्या शिवराज राक्षेने मातीच्या महेंद्र गायकवाडला मिनिटाच्या आत चितपट केलं. वाटलं, झालं, गादीचं राज्य आलं. पण त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये फुलगावला मातीकडून आलेल्या सिकंदर शेखने याच शिवराजला अर्ध्या मिनिटाच्या आत चीत केलं. शेवटची लढत गादीवर असूनही.

हे कसं शक्य झालं? कारण आजचे मोठे पैलवान माती आणि गादी दोन्हीवर सराव करतात. विभाग वेगळे राहिले, तालीम एक झाली. जुन्या पिढीतही हे होतं. गणपतराव आंदळकरांनी १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत ग्रीको-रोमन प्रकारात सुवर्ण घेतलं. या प्रकारात कमरेखाली हात लावायचा नाही, पट काढायचा नाही, टांग मारायची नाही. मातीतल्या माणसाची निम्मी हत्यारं काढून घेतल्यासारखं. तरी जिंकले, आणि फ्रीस्टाईलमध्ये रौप्यही आणलं. त्याच स्पर्धेत मारुती मान्यांनी फ्रीस्टाईलचं सुवर्ण आणलं. पाटोद्याचा राहुल आवारे २०१८ च्या राष्ट्रकुलात सुवर्ण आणि २०१९ च्या जागतिक स्पर्धेत कांस्य जिंकला.

पण दुसरी बाजूही सांगायला हवी. खाशाबांनंतर ऑलिंपिकमध्ये महाराष्ट्राच्या एकाही मल्लाला कुस्तीचं पदक मिळालेलं नाही. सुशील कुमार, योगेश्वर दत्त, साक्षी मलिक, रवी दहिया, बजरंग पुनिया, अमन सेहरावत हे सगळे हरियाणा-दिल्लीकडचे. तिथेही मातीचे आखाडे आहेत, परंपरा आपल्याइतकीच जुनी आहे. मला वाटतं फरक लहान वयात गादी मिळण्याचा आहे. आपल्याकडे जत्रेच्या फडात पैसा आहे, मान आहे, हलगी आहे, आणि ते सोडून कोणी सहा मिनिटांच्या गुणांच्या खेळामागे का जावं, हा पैलवानाच्या घरचा अगदी रास्त हिशोब आहे. खुराकाचा खर्च फडातल्या इनामावर निघतो, प्रमाणपत्रावर नाही. त्यामुळे मातीला नावं ठेवणाऱ्यांशी मी सहमत नाही.

मुलींच्या बाबतीत मात्र गादीचे उपकार मोठे आहेत. जुन्या तालमीच्या उंबऱ्याच्या आत मुलींना जागाच नव्हती. मुलींची कुस्ती वाढली ती मुख्यतः गादीवर. २००४ पासून महिला कुस्ती ऑलिंपिकमध्ये आहे. मार्च २०२३ मध्ये सांगलीला पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली आणि प्रतीक्षा बागडीने गदा उचलली. आपल्या भागातल्या आश्रमशाळांतल्या मुलींना हे नाव जरूर सांगा.

आता पुन्हा चीनकडे, कारण त्यांनीही शेवटी हेच केलं. साधारण १९७० च्या दशकाच्या अखेरीला तिथल्या क्रीडा खात्याने ‘सांदा’ हा प्रकार बांधायला घेतला. ठोसा, लाथ आणि फेक, तिन्ही चालतं. हातमोजे, छातीला संरक्षण, आणि जमिनीपासून ८० सेंटिमीटर उंच, आठ बाय आठ मीटरचा चौथरा. त्यावरून खाली पाडलं तर गुण मिळतात. सांदामध्ये तयार झालेले खेळाडू बाहेरच्या रिंगणात हरत नाहीत असं नाही, पण टिकतात. चांग वेईली ही चिनी मुलगी लहानपणी सांदा शिकली आणि ३१ ऑगस्ट २०१९ रोजी शेनझेनमध्ये ४२ सेकंदांत प्रतिस्पर्धी हरवून यूएफसीची पहिली चिनी विजेती झाली. आपल्याकडे वुशूमध्ये मणिपूरच्या रोशिबिना देवीने २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत रौप्य आणलं, तेही सांदामध्येच.

मग ताओलू, म्हणजे मुद्रांचा क्रम, निरुपयोगी का? अजिबात नाही. आपल्या मल्लखांबाकडे बघा. तो मल्लांचा व्यायाम म्हणून आला, नावातच मल्ल आहे. आज तो स्वतंत्र खेळ आहे आणि मल्लखांबपटूने कुस्ती मारावी अशी कोणी अपेक्षा करत नाही. कोल्हापूरच्या मर्दानी खेळांतला दांडपट्टा तर खऱ्या लढतीत तपासताच येणार नाही, तपासूही नये. तोल, लवचीकता, शिस्त, इतिहास यासाठी हे सगळं मोलाचं आहे. घोळ होतो तो क्लासवाला मुद्रा शिकवतो आणि पालकाला ‘स्वसंरक्षण’ म्हणून विकतो तेव्हा.

म्हणून पालकहो, क्लास निवडताना एक तास तिथे बसा. मुलं एकमेकांशी लढतात की फक्त हवेत हात मारतात, ते बघा. लढत असतील तर वजन आणि वय बघून जोड्या लावल्यात का, डोक्याला मार लागू नये म्हणून काय काळजी घेतलीय, हेही बघा. पट्ट्याचा रंग किती महिन्यांत बदलतो आणि दर पट्ट्याला किती पैसे, हे आधीच विचारा. शासनाच्या शालेय स्पर्धांच्या यादीत तो खेळ कोणत्या नावाने आणि कोणत्या वयोगटात आहे, हे जिल्हा क्रीडा कार्यालयातून खात्री करून घ्या. दहावीच्या सवलतीच्या गुणांचं आश्वासन क्लासवाल्याच्या तोंडून ऐकून पैसे भरू नका.

शिक्षकांसाठी एक उपक्रम. आमच्या शाळेत गादी नाही, तुमच्याकडेही नसेल तर अडत नाही. मऊ, दगड वेचलेल्या मातीत चुन्याने नऊ मीटर व्यासाचं वर्तुळ आखा. पायाखालची जागा मातीचीच राहील, पण नियम बदलून बघता येतात. शारीरिक शिक्षणाचे शिक्षक हजर हवेत, मान पकडणं आणि फेक मारणं बंद. जवळपास समान वजनाची एक जोडी घ्या. पहिल्यांदा निकाली नियमाने लढवा, पाठ टेकली तरच निकाल, पाच मिनिटांत नाही लागली तर बरोबरी. दुसऱ्या दिवशी तीच जोडी गुणांवर लढवा, तीन मिनिटांची एकच फेरी. बाकीच्या वर्गाला दोन्ही दिवशी नोंद करायला सांगा. कोण किती वेळा रेषेबाहेर गेला, कोण खाली पडून राहिला, पहिला डाव कितव्या सेकंदाला लागला. दोन्ही दिवसांचे निकाल वेगळे आले की पुढची चर्चा मुलं स्वतःच करतात, आपल्याला फार बोलावं लागत नाही. गुण लिहायला मात्र दोन मुलं ठेवा. एकाचं लक्ष सतत रेषेवर लागतं.